डिझेल नावाचा माणूस

मागच्या उन्हाळ्यात आमच्या किन्हीराजातल्या घरासमोर, कडुनिंबाच्या सावलीत, आबांच्या जीपचे इंजिन उतरवले गेले. बॉनेट काढून भिंतीला टेकवलेले, रेडिएटर ओट्यावर आणि चाळीस वर्षे राबलेले ते काळेकुट्ट धूड चेनपुलीला अधांतरी लटकलेले. आमची माय दारात उभी राहून बघत होती. तिला हे मुळीच पसंत नव्हते. जीप आबांची, तिचे काळीज काढल्यावर ती आबांची कशी राहील, असा तिचा साधा सवाल होता. धाकट्या भावाच्या वेळी श्रावणातल्या एका रात्री नाल्याला पूर आला होता आणि याच जीपने तिला मालेगावच्या दवाखान्यात वेळेवर पोचवले होते. आणि इंजिन बदलायचा हट्ट धरणारा तोच धाकटा! मायला ते अधिकच लागले होते.

त्याचेही चुकत नव्हते. आबांनी जीप घेतली १९८० च्या दशकात. तेव्हा वाशीम जिल्हा व्हायचा होता, तो १९९८ साली अकोल्यातून वेगळा झाला. जीपमधले २.१ लिटरचे इंजिन फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या घराण्यातले होते. त्याने खूप सोसले. पण आता त्याचा दम गेला होता. हिवाळ्यात चार जणांनी ढकलल्याशिवाय ते जागे होत नसे आणि पांदणीतल्या चिखलात काळा धूर सोडत धापा टाकत असे. भावाने त्याच कंपनीच्या, अपघातात मोडलेल्या एका नव्या गाडीचे कॉमन रेल इंजिन मिळवले. परिवहन कार्यालयाच्या परवानगीचे सोपस्कार उरकले आणि मिस्त्रींना बोलावले.

मी तालुक्याच्या आयटीआयमध्ये मेकॅनिक डिझेलचा वर्ग घेतो, म्हणून देखरेख माझ्याकडे. दहावीतला पुतण्या पाने-पकड देण्यासाठी शेजारी बसला होता. टाकीच्या झाकणावरचे अक्षर वाचत त्याने मला सहज विचारले, पेट्रोल म्हणजे दगडातले तेल हे आम्हाला शिकवले, मग डिझेल म्हणजे काय? मी सांगितले की ते एका माणसाचे आडनाव आहे. पोराला वाटले काका थट्टा करतात. मला मात्र खजील व्हायला झाले. पंचवीस वर्षे मी फळ्यावर हा शब्द लिहीत आलो, पण त्या माणसाची गोष्ट एकाही विद्यार्थ्याला सांगितली नव्हती. ती त्या दिवशी सांगितली, आणि आज तुम्हालाही सांगतो.

रुडॉल्फ डिझेलचा जन्म १८ मार्च १८५८ चा, पॅरिसचा. आईवडील मात्र जर्मन, बव्हेरियाचे. वडील कातड्याच्या वस्तू बनवत आणि त्या हातगाडीवर घालून गिऱ्हाइकांकडे पोचवण्याचे काम लहानग्या रुडॉल्फकडे असे. १८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले आणि पॅरिसमधल्या जर्मनांना शहर सोडावे लागले. डिझेल कुटुंब लंडनला गेले. तिथे पोट भरेना, तेव्हा बारा वर्षांच्या रुडॉल्फला एकट्याला जर्मनीत ऑग्सबर्गला नातेवाइकांकडे पाठवले. ते गणिताचे शिक्षक होते. त्यांच्या घरी हा मुलगा रमला आणि त्याने इंजिनिअर व्हायचे मनाशी ठरवून टाकले.

शिष्यवृत्तीवर तो म्युनिकच्या पॉलिटेक्निकमध्ये गेला. तिथे त्याला कार्ल फॉन लिंडे हे गुरू लाभले. कृत्रिम थंडी निर्माण करण्याच्या शास्त्रातले हे मोठे नाव. वाफेच्या इंजिनात जळणाऱ्या कोळशातली बहुतेक उष्णता वाया जाते आणि जेमतेम दहा टक्के, कित्येकदा त्याहूनही कमी, कामी येते, हे गणित रुडॉल्फ त्यांच्या वर्गात शिकला. शंभरातले नव्वद वाया! गरिबीतून आलेल्या मुलाला ही उधळपट्टी बोचली आणि ती बोच जन्मभर गेली नाही. परीक्षेच्या ऐन वेळी त्याला विषमज्वर झाला. वर्षाचा प्रश्न होता. मधल्या काळात त्याने स्वित्झर्लंडमधल्या एका कारखान्यात हात काळे केले आणि जानेवारी १८८० मध्ये अव्वल गुणांनी पदवी मिळवली.

मग तो लिंडेंच्या बर्फाच्या कारखान्याच्या कामावर पॅरिसला गेला. १८८३ मध्ये मार्थाशी लग्न झाले. पुढे तीन मुले झाली. दिवसा बर्फ आणि रात्री इंजिन, असा त्याचा दिनक्रम होता. वाफेऐवजी अमोनिया वापरून बघताना एकदा असा स्फोट झाला की त्याला कित्येक महिने रुग्णालयात काढावे लागले. त्यानंतर त्याने अमोनियाचा नाद सोडला, इंजिनाचा नाही.

त्याची कल्पना कळायला सायकलचा पंप पुरे. हवा भरताना पंपाचे खालचे टोक तापते, हा अनुभव तुम्हा-आम्हा सगळ्यांचा. हवा दाबली की ती तापते. पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण थोडेसे दाबून ठिणगीने पेटवतात. डिझेलने विचार केला, की नुसती हवाच इतकी दाबावी की ती रसरशीत तापेल. त्या हवेत इंधन सोडले की ते आपोआप पेटेल. ठिणगी नको, काही नको. जितका दाब जास्त, तितके इंधनाचे चीज जास्त. आजच्या डिझेल इंजिनात हवा सोळा-अठरा पट दाबली जाते आणि ती पाचशे अंश सेल्सिअसच्या वर तापते.

१८९३ मध्ये त्याला पेटंट मिळाले आणि त्याच वर्षी आपला सिद्धांत त्याने पुस्तकरूपाने मांडला. ऑग्सबर्गचा यंत्रकारखाना आणि क्रुप यांनी पैसा लावला. पहिल्याच चाचणीत, ऑगस्ट १८९३ मध्ये, यंत्रावरचे दाब मोजायचे उपकरण फुटून उडाले. डिझेल आणि त्याचे सहकारी थोडक्यात वाचले. पण हवेच्या दाबाने इंधन पेटते हे सिद्ध झाले. १७ फेब्रुवारी १८९४ रोजी इंजिन प्रथमच आपल्या बळावर चालले, ते अवघे एक मिनिट! तिथून पुढे तीन वर्षे गेली. १८९७ च्या फेब्रुवारीत प्राध्यापक श्रोटर यांनी अधिकृत चाचणी घेतली, तेव्हा कार्यक्षमता भरली २६.२ टक्के. वाफेच्या इंजिनाच्या दुपटीहून जास्त. माणसाहून कितीतरी उंच असे ते यंत्र म्युनिकच्या संग्रहालयात जपून ठेवलेले आहे. शक्ती म्हणाल तर सुमारे वीस अश्वशक्ती.

आता गंमत बघा. पुस्तकात लिहिले होते तसे हे इंजिन नव्हतेच. कागदावरच्या सिद्धांतात इंधन जळतानाही तापमान वाढू नये अशी अट होती. प्रत्यक्षात ती जमेना, तेव्हा डिझेलने ती मुकाट्याने सोडून दिली. इंधन आत सोडण्यासाठी जोरदार हवेचा फवारा वापरावा लागे आणि त्या हवेसाठी वेगळा अवजड कॉम्प्रेसर लागे. विरोधकांना आयते कोलीत मिळाले. पेटंटातले इंजिन एक आणि बाजारातले दुसरे, मग याला डिझेलचे इंजिन म्हणायचे कसे, असे वाद सुरू झाले. इंग्लंडच्या हर्बर्ट अक्रॉइड स्टुअर्टने त्याच्या आधीच तेलावरचे इंजिन बनवले होते. श्रेयाची ती ओढाताणही होती.

पैसा मात्र धो धो आला. अमेरिकेतल्या हक्कांसाठी अडॉल्फस बुश याने दहा लाख मार्क मोजले. म्युनिकला आलिशान बंगला उठला. पण यंत्र कळणाऱ्या या माणसाला व्यवहार कळत नव्हता. जमिनीच्या सौद्यात त्याने प्रचंड रक्कम घालवली. सुरुवातीची इंजिने सदोष निघू लागली, कोर्टकचेऱ्या झाल्या, प्रकृती ढासळली, विश्रांतिगृहात राहावे लागले.

त्याचे खरे स्वप्न तर वेगळेच होते. लोहार, सुतार, विणकर अशा लहान कारागिराच्या दारात स्वतःचे स्वस्त इंजिन असावे, म्हणजे त्याला मोठ्या गिरणीची गुलामी नको, असे त्याला वाटे. कामगारांच्या सहकाराची योजना मांडणारे पुस्तक त्याने १९०३ मध्ये लिहिले. ते फारसे कोणी घेतले नाही. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात त्याच्या पद्धतीचे एक इंजिन चक्क भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवले होते. शेतात पिकणारे तेल उद्या यंत्रे चालवील, ही आशा त्याने अखेरपर्यंत सोडली नाही. पण त्याचे इंजिन गेले कुठे? बड्या कारखान्यांत, वीजकेंद्रांत आणि जहाजांवर. १९१२ मध्ये डेन्मार्कचे सेलँडिया हे मालवाहू जहाज डिझेलवर महासागर ओलांडून गेले. पाणबुड्यांत इंजिने बसली. ज्याला लोहाराच्या अंगणात जायचे होते, ते यंत्र आरमारात दाखल झाले. मोटारीत बसेल इतके लहान इंजिन काही त्याच्या हातून झाले नाही. तो अवजड कॉम्प्रेसर आडवा येई.

२९ सप्टेंबर १९१३ च्या संध्याकाळी डिझेल अँटवर्पहून ड्रेस्डेन या बोटीने इंग्लंडला निघाला. तिथे एका कंपनीची बैठक होती. सोबत्यांबरोबर जेवण झाले, दहाच्या सुमारास सकाळी सव्वासहाला उठवायला सांगून तो आपल्या खोलीत गेला. सकाळी खोली रिकामी होती. बिछाना मोडलेला नव्हता. डेकच्या कठड्याजवळ त्याची टोपी आणि घडी घातलेला ओव्हरकोट सापडला. सुमारे दहा दिवसांनी एका डच बोटीला समुद्रात मृतदेह दिसला. खिशातल्या चीजवस्तू काढून घेऊन तो पुन्हा पाण्यात सोडण्यात आला. धाकटा मुलगा ऑयगेन याने त्या वस्तू ओळखल्या. घरी पत्नीजवळ ठेवलेल्या बॅगेत रोख रक्कम निघाली. बँकेतली खाती जवळपास रिकामी होती. रोजनिशीत त्या तारखेवर एक फुली होती. आत्महत्या, अपघात की घातपात, यावर आजही लिहिले जाते. बहुतेकांचा कौल आत्महत्येकडे आहे. वय अवघे ५५.

पुतण्याने हातातला पाना खाली ठेवला होता. त्याने विचारले, मग हे इंजिन आपल्या जीपमध्ये आणले कोणी?

ते अनेकांनी मिळून आणले. रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यात १९२२ पासून खटपट सुरू झाली आणि १९२७ मध्ये इंधन थेट दाबून सोडणारा पंप बाजारात आला. मनगटाएवढ्या पंपाने त्या अवजड कॉम्प्रेसरची सुट्टी केली. ट्रक आले, ट्रॅक्टर आले; १९३६ मध्ये मर्सिडीजची डिझेल मोटार आली. आबांच्या जीपमधला पंप हा त्याच घराण्यातला. १९९७ मध्ये कॉमन रेल पद्धत मोटारीत आली. सगळ्या सिलिंडरांसाठी एकच नळी, तिच्यात कायम भरलेला प्रचंड दाब, आणि कुठल्या सिलिंडरला किती इंधन कधी सोडायचे ते संगणक ठरवणार. पहिल्या पिढीतच हा दाब १३५० बारपर्यंत होता. जीपच्या चाकात हवा असते दोन बारच्या आसपास, यावरून कल्पना करा.

आमचे काम आठ दिवसांचे होते, ते तीन आठवडे चालले. चासीवर नवे माउंटिंग बसवले, गिअरबॉक्स नव्या इंजिनाचाच घेतला, रेडिएटर मोठा केला, पाणी वेगळे करणारा फिल्टर लावला. ब्रेकही बदलले, कारण धावणारे बळ वाढले की थांबवणारेही वाढवावे लागते. सगळे झाले आणि इंजिन नुसते फिरे, पेटेना. दोन दिवस मिस्त्री आणि मी वायरिंग तपासत बसलो. मग उलगडा झाला, की मूळ गाडीच्या चावीत चिप असते. ती चावी ओळखल्याशिवाय संगणक इंधन सोडतच नाही. ती मिळवून आणल्यावर पहिल्याच फिरवणीला इंजिन बोलू लागले. धूर नाही, धाप नाही. पांदणीतला चढ जीपने दुसऱ्या गिअरमध्ये काढला.

मायला मी पुढच्या सीटवर बसवले आणि तिच्या सवालाचे उत्तर दिले. रुडॉल्फ डिझेलचा एकही सुटा भाग आजच्या इंजिनात नाही. फवारा गेला, कॉम्प्रेसर गेला, पेटंटातली अटही गेली. उरली ती दाबलेल्या हवेत इंधन पेटवायची युक्ती आणि त्याचे नाव. आणि त्याला हवे होते तिथे, लहान माणसाच्या दारात, ते इंजिन अखेर पोचले, ते त्याचे भाग बदलत गेले म्हणूनच. माय काही बोलली नाही. घरी आल्यावर तिने जुने इंजिन भंगारात घालू दिले नाही. ते गोठ्यात ताडपत्रीखाली ठेवले आहे.

नंतर नोंदणीपुस्तक हाती आले. इंजिनाचा क्रमांक नवा होता. पुतण्याने बोट ठेवून मला इंधनाचा रकाना दाखवला. तिथे काहीच बदललेले नव्हते.