लीलावतीकार भास्कराचार्य आणि मोजण्याची विद्या

इतिहास हा आमचा विषय. परंतु निवासी शाळेत गणिताचे सर रजेवर गेले की सायंकाळच्या अभ्यासिकेत फळ्यासमोर आम्हालाच उभे राहावे लागते. अशाच एका सायंकाळी दहावीचे ‘संभाव्यता’ हे प्रकरण चालू असताना एका विद्यार्थिनीने विचारले, की शक्यता अशा ओळीने मोजून काढण्याचे प्रथम कोणाला सुचले? या प्रश्नाचे संपूर्ण उत्तर देण्याइतके गणित आम्हाला येत नाही. मात्र त्या उत्तराचा एक धागा आपल्याच खानदेशात, चाळीसगाव तालुक्यातील पाटण येथील शिलालेखापर्यंत जातो, एवढे आम्ही तिला सांगू शकलो. तो धागा म्हणजे भास्कराचार्य. स्मरणिकेच्या निमित्ताने त्यांचे जीवन आम्ही येथे थोडे विस्ताराने मांडीत आहोत.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ. स. १११४ मधला. हे साल आणि वयाच्या छत्तिसाव्या वर्षी ‘सिद्धान्तशिरोमणी’ हा ग्रंथ रचल्याची नोंद त्यांनी स्वतःच करून ठेवली आहे. आपल्याकडील प्राचीन ग्रंथकारांत कालनोंदीचा असा काटेकोरपणा विरळा. इतिहासाच्या विद्यार्थ्याला त्यांच्याविषयी पहिला आदर वाटतो तो येथेच. वडील महेश्वर हे ज्योतिषी होते आणि तेच त्यांचे गुरू. सह्याद्रीच्या आश्रयाचे विज्जडवीड हे आपले गाव असल्याचे ते सांगतात. हे गाव म्हणजे पाटणचा परिसर, असे काही विद्वान मानतात. विजापूर, बीड असेही पक्ष आहेत. ‘करणकुतूहल’ हा पंचांगगणिताचा ग्रंथ त्यांनी शके ११०५ मध्ये, एकोणसत्तराव्या वर्षी लिहिला. इतक्या वयात नवा ग्रंथ हाती घेणाऱ्या माणसाची कामाची ओढ निराळी सांगावी लागत नाही.

‘सिद्धान्तशिरोमणी’चे चार भाग आहेत : लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. त्यांतील ‘लीलावती’ हा अंकगणिताचा भाग शतकानुशतके पाठ्यपुस्तक म्हणून वापरला गेला. त्याचे कारण उघड आहे. भास्कराचार्य नियम सांगून थांबत नाहीत; लगेच उदाहरण घालतात, आणि तेही भुंगे, हंस, मोर, माकडे, बाजारातील धान्य यांचे. शिकवणाऱ्याची ही हातोटी आम्हाला त्यांच्या विद्वत्तेइतकीच मोठी वाटते.

मोजण्याचे एक उदाहरण असे. गोड, तिखट, तुरट, आंबट, खारट आणि कडू हे सहा रस. त्यांतील एक, दोन, तीन असे कितीही रस एकत्र करून पदार्थाच्या किती चवी होतील? आचार्यांची रीत सोपी आहे. सहापासून उतरते अंक वर लिहावेत, एकपासून चढते अंक खाली लिहावेत. सहाला एकाने भागले की ६ : एकेका रसाच्या चवी. त्याला पाचाने गुणून दोनाने भागले की १५ : दोन रसांच्या जोड्या. त्याला चाराने गुणून तिनाने भागले की २० : तीन रसांचे गट. पुढे १५, ६ आणि १. एकूण ६३. हे उदाहरण वर्गात सोडवून झाल्यावर मागच्या बाकावरून एकाने चौसष्टावी चवही आहे असे सांगितले : ज्यात कोणताच रस नाही अशी, म्हणजे वसतिगृहाची आमटी. हशा झाला, पण त्याचे गणित बरोबर होते. एकही रस न निवडण्याचा प्रकार धरला तर प्रत्येक रसाला घेणे अथवा सोडणे असे दोनच मार्ग उरतात, आणि सहा वेळा दोनाने गुणले की ६४ येतात.

‘लीलावती’च्या अखेरीस ‘अंकपाश’ नावाचे प्रकरण आहे. येथे प्रश्न निवडीचा नसून मांडणीचा आहे. चार हातांत चार वस्तू अदलाबदल करून धरल्या तर मूर्तीचे किती प्रकार होतील? पहिल्या हातासाठी चार वस्तू, दुसऱ्यासाठी तीन, मग दोन, मग एक, उत्तर २४. दहा हात आणि दहा वस्तू असतील तर हेच उत्तर ३६,२८,८०० वर जाते. हातांची संख्या अडीच पट होताच प्रकार दीड लाख पटींनी वाढतात, हे पाहून मुले थक्क होतात. पुढे आचार्य सारखे अंक असलेल्या संख्यांकडे वळतात. २, २, १, १ या अंकांच्या मांडण्या २४ होत नाहीत, सहाच होतात, कारण दोन सारख्या अंकांची अदलाबदल केली तरी संख्या बदलत नाही. परीक्षेत मुले अडखळतात ती नेमकी याच ठिकाणी; नऊशे वर्षांपूर्वीच्या या शिक्षकाने ती अडचण ओळखून तिच्यासाठी स्वतंत्र उदाहरणे घातली होती.

ही विद्या त्यांनी एकट्यांनी जन्माला घातली, असे आम्ही म्हणणार नाही. पिंगलाच्या छंदःशास्त्रात लघु-गुरूंच्या मांडण्या मोजल्या आहेत. जैन परंपरेने भंग व विकल्प यांचा विचार फार पूर्वीपासून केला होता, आणि नवव्या शतकातील जैन गणिती महावीराचार्यांनी निवडीचा सर्वसाधारण नियम दिला होता. वेगवेगळ्या परंपरांचे हे संचित होते. भास्कराचार्यांनी ते नीट लावले आणि शिकवण्यायोग्य केले.

तथापि मोजणी म्हणजे संभाव्यता नव्हे. आजच्या पाठ्यपुस्तकाच्या भाषेत सांगायचे तर भास्कराचार्यांनी नमुना अवकाश मोजून दिला. त्यातील एखादी घटना घडण्याची शक्यता किती, हा प्रश्न त्यांनी विचारला नाही. वास्तविक फासे या देशाला नवे नव्हते. बेहड्याच्या फळांनी जुगार खेळला जाई, आणि ती झाडे आपल्या सातपुड्यात आजही उभी आहेत. तरीही डाव अर्धवट राहिला तर पैज कशी वाटावी, या प्रश्नावर पास्काल आणि फर्मा या फ्रेंच गणितज्ञांचा पत्रव्यवहार झाला तो १६५४ मध्ये, आणि संभाव्यतेचे शास्त्र खऱ्या अर्थाने तेथून चालू लागले. आपल्याकडे मोजण्याची साधने तयार असूनही पुढचे पाऊल का पडले नाही? आमचे मत असे, की जेथे होणारे सर्व काही ग्रहांवर आणि पूर्वकर्मावर सोपवलेले असते, तेथे ते किती शक्य आहे असे विचारण्याची गरजच कोणाला भासत नाही.

हा विषय नंदुरबारकरांना परका नाही. आपल्या जिल्ह्यातील अनेक कुटुंबांत सिकलसेल आहे. आई व वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येकाकडून दोनपैकी एकच गुणसूत्रघटक मुलाला मिळतो. म्हणजे एकूण चार प्रकार. त्यांपैकी एकात मूल आजारी, दोनांत वाहक, एकात पूर्ण मुक्त. चारांत एक, एवढे पुष्कळांनी ऐकलेले असते. परंतु त्यावरून पहिले मूल आजारी निघाले म्हणजे पुढची तीन सुटली, असा अर्थ घेणारे पालक आम्हाला भेटले आहेत. तसे नाही. प्रत्येक खेपेस चार प्रकार नव्याने समोर येतात. चार मुलांचे मिळून चार गुणिले चार गुणिले चार गुणिले चार, म्हणजे २५६ प्रकार होतात; त्यांपैकी एकही मूल आजारी नसण्याचे तीनचा चौथा घात, म्हणजे ८१. उरलेल्या १७५ प्रकारांत किमान एक मूल आजारी असते. लग्न ठरवण्यापूर्वी दोघांची रक्ततपासणी का करावी, हे या आकड्यांनंतर निराळे समजवावे लागत नाही. आजारी मूल हा कोणाचा शाप नाही आणि कोणाच्या पापाचे फळही नाही.

आता त्या प्रसिद्ध दंतकथेविषयी. लीलावती ही भास्कराचार्यांची कन्या; तिच्या विवाहाचा एकच मुहूर्त होता; घटिकापात्रात तिच्या वस्त्रावरील मोती पडून छिद्र बुजले, मुहूर्त टळला, आणि दुःखी पित्याने तिच्या नावाने ग्रंथ लिहिला, अशी ही कथा. ती आपल्यापर्यंत आली ती अकबराच्या दरबारातील फैजीने १५८७ मध्ये केलेल्या फारसी भाषांतरामुळे. भास्कराचार्यांच्या ग्रंथात तिला आधार नाही. ग्रंथात कोठे बालिकेला, कोठे मित्राला, कोठे गणकाला उद्देशून प्रश्न विचारले आहेत, एवढेच. मुहूर्ताने एका मुलीचे आयुष्य थांबले, ही गोष्ट आमच्या शाळेतील मुलींना खरी म्हणून सांगणे आम्ही कधीच सोडले आहे.

फैजीच्या फारसीवरून एक आठवण होते. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत शिकायचे होते. अस्पृश्य म्हणून ते नाकारले गेले आणि त्यांना फारसी घ्यावी लागली. ज्या भाषेने बाबासाहेबांना दार बंद केले तिच्यात ‘लीलावती’ होती, आणि ज्या भाषेने त्यांना आत घेतले तिच्यातही ती तीनशे वर्षे आधीच पोहोचली होती.

बौद्ध वाचकांपासून आणखी एक गोष्ट लपवणे आम्हाला अप्रामाणिकपणाचे वाटते. गोलाध्यायात भास्कराचार्यांनी बौद्धांच्या एका मताचे खंडन केले आहे. पृथ्वी अवकाशात सतत खाली पडत आहे, असे ते मत होते. आचार्यांचा युक्तिवाद असा, की वर फेकलेली जड वस्तू पुन्हा जमिनीवर येते. पृथ्वीच पडत असती तर ती अधिक जड असल्याने अधिक वेगाने पडली असती आणि वस्तूने तिला कधीच गाठले नसते. जड वस्तू वेगाने पडते हा त्यांचा समज आज टिकत नाही. पण पृथ्वी वस्तूंना आपल्याकडे ओढते ही त्यांची बाजू बरोबर होती. कालामांना तथागतांनी जी कसोटी दिली तीच येथे लावायची, तर या मुद्द्यावर आपले पूर्वज चुकले असे म्हणणेच भाग आहे. जैनांच्या दोन सूर्य व दोन चंद्र या कल्पनेचाही आचार्यांनी तेथेच समाचार घेतला आहे.

भास्कराचार्यांचे पुत्र लक्ष्मीधर यांना यादव राजा जैत्रपालाने आपल्या पदरी नेले. लक्ष्मीधरांचे पुत्र चांगदेव हे सिंघण यादवाचे मुख्य ज्योतिषी झाले. आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन व्हावे म्हणून चांगदेवांनी पाटण येथे मठ स्थापन केला, आणि निकुंभ घराण्यातील सोइदेवाने शके ११२८ मध्ये, चंद्रग्रहणाच्या वेळी, त्याला दान दिले. हा वृत्तांत ज्या शिलालेखात आहे तो एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी विद्वानांपुढे आणला. वंशावळ आणि विद्वत्तेची स्तुती संस्कृतात आहे. मठाला काय मिळणार याचा तपशील मात्र शेवटी जुन्या मराठीत आहे : पाटणच्या बाजारातील मालावर ग्राहकाकडून राजाला मिळणारा हिस्सा, सुपाऱ्या, आणि चालणाऱ्या प्रत्येक घाण्यामागे पळीभर तेल. ज्यांनी द्यायचे त्यांना समजावे म्हणून तेवढा भाग मराठीत कोरला असावा, असे आम्हाला वाटते. ज्यांच्या तेलावर मठातील दिवा जळत होता, त्यांच्या मुलांना त्या उजेडात बसून अंकपाश शिकण्याची मुभा धर्मशास्त्र देत नव्हते.

पाटणच्या त्याच डोंगररांगेत पितळखोऱ्याची बौद्ध लेणी आहेत, आणि सहलीसाठी ही दोन्ही ठिकाणे आम्ही मुलांना एकत्र सुचवतो. निघण्यापूर्वी शिलालेखाचे छापील वाचन वर्गात फिरवले, तेव्हा संस्कृत श्लोकांपाशी सगळे थबकले. शेवटच्या ओळींपाशी मात्र तो प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थिनीने बोट ठेवले आणि घाणा, पळी, तेल हे शब्द एकेक करून मोठ्याने वाचले.