पॅरिसला गेलेला इमाम : रिफाआ अल-तहतावी

परदेशी शिकायला जाणे ही आज नवलाची गोष्ट राहिलेली नाही. शिष्यवृत्त्या आहेत, विद्यापीठांमधले देवाणघेवाणीचे करार आहेत, आणि एखाद्या खेड्यातला मुलगासुद्धा बाहेरच्या देशातील पदवी घेऊन येतो. परंतु सुमारे दोनशे वर्षांपूर्वी ४० हून अधिक तरुणांची एक तुकडी इजिप्तहून फ्रान्सला निघाली, तेव्हा पुढे काय वाढून ठेवले आहे याची त्यांच्यापैकी कोणालाच कल्पना नव्हती. त्या तुकडीबरोबर नमाज पढवण्यासाठी एक २४ वर्षांचा इमाम दिला होता. त्याला तिकडे शिकायला पाठवलेले नव्हतेच. आणि परत आला तेव्हा सगळ्यांत जास्त शिकून आला तो हा इमामच! त्यांचे नाव रिफाआ अल-तहतावी. आपल्याकडे हे नाव फारसे कानावर पडत नाही. इजिप्तमध्ये मात्र नव्या शिक्षणाचा इतिहास सांगायचा झाला तर त्यांच्यापासूनच सुरुवात करावी लागते.

नाईल नदीच्या वरच्या खोऱ्यात तहता नावाचे गाव आहे. तेथे १८०१ साली रिफाआंचा जन्म झाला. नेपोलियनच्या फौजा १७९८ मध्ये इजिप्तवर चालून आल्या होत्या, त्या नेमक्या १८०१ मध्येच देश सोडून गेल्या. घराणे सय्यदांचे, विद्वानांचे. जमीन-महसुलाच्या वसुलीचे हक्क घराकडे होते. ते नवे राज्यकर्ते मुहम्मद अली पाशा यांनी काढून घेतले आणि घर उघडे पडले. पुढे वडीलही वारले. आईने आणि मामांनी मुलाला वाढवले, शिकवले, आणि १८१७ साली त्याला कैरोला अल-अजहरमध्ये धाडले. एका पाशाने घर गरीब केले आणि त्याच पाशाच्या चाकरीत मुलाचे आयुष्य घडले, असा हा योग आहे.

अल-अजहरमध्ये त्यांना भेटलेले गुरू म्हणजे शेख हसन अल-अत्तार. या गुरूंविषयी दोन शब्द जास्त लिहिले पाहिजेत, कारण त्यांच्यावाचून पुढचे काहीच घडले नसते. फ्रेंच लोक कैरोत असताना अत्तार त्यांच्या विद्वानांना जाऊन भेटले होते, त्यांना अरबी शिकवले होते, त्यांची यंत्रे आणि पुस्तके पाहिली होती. नंतर कित्येक वर्षे ते तुर्कस्तान व शाम या मुलखांत फिरले. वर्गात जे विषय शिकवले जात नसत, म्हणजे भूगोल, इतिहास, खगोल, ते अत्तार आपल्या निवडक शिष्यांना घरी शिकवीत. रिफाआ त्यांचे लाडके शिष्य. १८२४ साली रिफाआ पाशाच्या नव्या सैन्यात पलटणीचे इमाम झाले, आणि १८२६ साली फ्रान्सला विद्यार्थी पाठवायचे ठरले तेव्हा अत्तारांनीच त्यांचे नाव सुचवले. जाताना, जे जे पाहशील ते लिहून ठेव, असेही बजावले. असा गुरू लाभणे ही किती मोठी गोष्ट आहे हे शिक्षकी पेशातल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

अलेक्झांड्रियाहून जहाज मार्सेलला लागले. तेथल्या एका कॉफीच्या दुकानात रिफाआ शिरले तो चहूकडे माणसेच माणसे दिसू लागली. त्यांना वाटले, हा मोठा रस्ताच आहे. मग त्या गर्दीत आपलीच तोंडे अनेकदा दिसली, तेव्हा उमगले की भिंतींना आरसे लावले आहेत. हा फजितीचा प्रसंग त्यांनी आपल्या पुस्तकात स्वतःच मोकळेपणाने सांगितला आहे. माणसे जमिनीवर न बसता खुर्चीवर बसतात, प्रत्येकाची थाळी वेगळी, हाताऐवजी काटे-चमचे, हे सारे त्यांनी बारकाईने टिपले. पण त्यात कुठे तुच्छता नाही की भारावून जाणे नाही.

इमामाचे काम नमाज पढवण्याचे. तरीही त्यांनी फ्रेंच शिकायचा ध्यास घेतला. सरकारी खर्चाने मिळणारी शिकवणी पुरेना, तेव्हा पदरच्या पैशांनी वेगळा शिक्षक ठेवला, पुस्तके विकत घेतली. रात्री-रात्री वाचून डावा डोळा अधू झाला. डॉक्टरांनी रात्रीचे वाचन बंद करायला सांगितले. यांनी ते मानले नाही. (विद्यार्थी वाचकांनी हे अनुकरण करू नये!) विद्यार्थ्यांवर देखरेख ठेवणारे झोमार हे स्वतः नेपोलियनबरोबर इजिप्तला जाऊन आलेले विद्वान होते. त्यांनी या इमामाची तळमळ ओळखली आणि त्याला भाषांतराच्या अभ्यासाला लावले. सिल्व्हेस्त्र द सासी हे अरबीचे फ्रेंच पंडित. त्यांच्याशी रिफाआंचा स्नेह जुळला. एकमेकांची भाषा जाणणारी अशी माणसे समोरासमोर बसत, एकमेकांचे लिखाण तपासत. देवाणघेवाण म्हणतात ती हीच. माँतेस्क्यू, रूसो, व्होल्तेर हे लेखक त्यांनी मुळातून वाचले. १८३० साली परीक्षा झाली तेव्हा लहान-मोठी १२ भाषांतरे त्यांनी परीक्षकांपुढे ठेवली.

त्याच १८३० सालच्या जुलै महिन्यात पॅरिसमध्ये क्रांती झाली. राजा दहावा चार्ल्स याने वर्तमानपत्रांचे स्वातंत्र्य हिरावले, लोक रस्त्यावर आले, आणि तीन दिवसांत राजाला गादी सोडण्याची पाळी आली. राजाच्या आज्ञेने परदेशी आलेला हा इमाम ते सारे पाहत होता. राजाचे अधिकारही कायद्याने बांधलेले असू शकतात, आणि त्याने ती मर्यादा ओलांडली तर प्रजा त्याला जाब विचारते, ही गोष्ट पुस्तकात वाचणे निराळे आणि डोळ्यांनी पाहणे निराळे. त्याच महिन्याच्या आरंभी फ्रेंच फौजांनी अल्जिअर्स शहर घेतले होते. ज्या फ्रान्सकडून आपण विद्या घेत आहोत तेच फ्रान्स एका मुस्लिम मुलखावर चालून गेले आहे, हे त्यांच्या नजरेआड झालेले नव्हते. ते युद्ध धर्माचे नसून राजकारणाचे, व्यापाराचे व गर्वाचे आहे, असा निवाडा त्यांनी दिला. फ्रान्सच्या मनसुब्याविषयी त्यांनी आणखी सावध राहायला हवे होते, असे आज आपल्याला वाटेल. पण विद्या आणि तोफ यांची गल्लत त्यांनी होऊ दिली नाही, हे महत्त्वाचे.

१८३१ मध्ये ते मायदेशी परतले आणि १८३४ साली बुलाकच्या सरकारी छापखान्यात त्यांचे पॅरिसवरचे पुस्तक छापले गेले. 'तख्लीस अल-इब्रीझ फी तल्खीस बारीझ' असे त्याचे यमकबद्ध नाव. पॅरिसच्या वर्णनातून गाळून काढलेले शुद्ध सोने, असा त्याचा आशय. (अरबीत प हे अक्षर नाही म्हणून पॅरिसचे बारीझ.) पुस्तकाला खुद्द शेख अत्तारांनी शिफारस लिहिली. पुढे पाशाने त्याचे तुर्की भाषांतरही करवून घेतले. या पुस्तकात त्यांनी फ्रान्सची राज्यघटना कलमवार अरबीत आणली. कायद्यापुढे सर्व सारखे, कर ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे, कोणालाही मनमानीने अटक नाही, ही कलमे अरबी वाचकाला कशी समजावी? हुर्रियत हा शब्द अरबीत होता. पण त्याचा रोजचा अर्थ गुलाम नसणे एवढाच होता. रिफाआंनी समजावले की फ्रेंच लोक ज्याला स्वातंत्र्य म्हणतात ते म्हणजे आपण ज्याला अद्ल व इन्साफ म्हणतो तेच. या कायद्यातले बरेचसे कुरआन-हदीसमध्ये नाही हे त्यांनी लपवले नाही. मात्र न्यायामुळे तो देश कसा भरभराटीला आला ते पाहा, असे ते वाचकाला सांगतात. फ्रेंच स्त्रियांविषयी लिहितानाही तोच तोल. स्त्रीचे शील बुरखा असण्या-नसण्यावर ठरत नाही, ते तिला मिळालेल्या चांगल्या-वाईट संस्कारांवर ठरते, हे मत अल-अजहरच्या एका शेखने १८३४ साली छापून प्रसिद्ध करावे, याचे मोल वाचकांनीच करावे.

पण पुस्तक लिहून ते थांबले असते तर एक प्रवासी लेखक एवढेच त्यांचे नाव उरले असते. १८३५ साली कैरोच्या एझ्बेकिया भागात भाषांची शाळा निघाली, मदरसत अल-अल्सुन, आणि लवकरच रिफाआ तिचे प्रमुख झाले. खेड्यापाड्यांतल्या मदरशांमधून मुले त्यांनी स्वतः निवडून आणली. सुरुवातीला सुमारे ५० विद्यार्थी होते. अरबी, फ्रेंच, तुर्की या भाषा, शिवाय भूगोल, इतिहास, कायदा. तासांचे वेळापत्रक यांना ठाऊक नव्हते. कधी इशाच्या नमाजनंतर, कधी पहाटेपूर्वी, तीन-तीन चार-चार तास उभे राहून ते शिकवीत. विद्यार्थी भाषांतर करी, गुरुजी मूळ ग्रंथाशी ताडून पाहत आणि मग अल-अजहरचा एखादा शेख अरबी भाषा शुद्ध करी, तेव्हा ग्रंथ छापखान्याकडे जाई. वैद्यक, गणित, लष्करी विद्या, भूगोल यांचे किती तरी ग्रंथ या रीतीने अरबीत उतरले. नवे पारिभाषिक शब्द घडवावे लागले. जुने सापडले तर जुनेच वापरले. या शाळेचे विद्यार्थीही नामांकित निघाले. मुहम्मद कद्री पाशा यांनी पुढे हनफी कौटुंबिक कायदा कलमवार मांडला. मुहम्मद उस्मान जलाल यांनी मोलिएरची फ्रेंच नाटके कैरोच्या बोलीत आणली.

रिफाआंच्या घरचीही एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. मामाच्या मुलीशी त्यांचे लग्न झाले होते. दुसरी बायको करणार नाही, दासीही ठेवणार नाही, आणि तसे केले तर पत्नीला तलाक मिळेल, असे त्यांनी तिला स्वतःच्या हाताने लिहून दिले. तो कागद १८३९-४० सालचा आहे. लोकांना उपदेश करण्याआधी स्वतःच्या हातावर बंधन घालून घेणारे सुधारक थोडेच.

मुहम्मद अलींची सत्ता संपली, आणि पुढे त्यांचा नातू अब्बास गादीवर आला. त्याला या शाळांचे प्रेम नव्हते. भाषांची शाळा बंद पडली. १८५० साली रिफाआंना सुदानमध्ये खार्तूमला पाठवले. का? तर तेथे प्राथमिक शाळा काढायची आहे! वरून पाहता ही नेमणूक, खरे पाहता ही हद्दपारी. दूरच्या गावी बदली झाली की आपल्या पोटात गोळा येतो. हे तर रणरणते वाळवंट आणि तापाचा मुलूख. बरोबर गेलेले कित्येक सहकारी तेथेच वारले. त्यांत पॅरिसचे जुने सोबती, गणितज्ञ मुहम्मद बयूमी हेही होते. शाळा उघडायलाच फार काळ गेला, आणि ती चालली थोडेच दिवस. त्या कष्टी मनःस्थितीत रिफाआंनी एक दीर्घ कविता लिहिली. तीत सुदानी लोकांविषयी त्यांनी जे कडवट लिहिले आहे ते त्यांना शोभत नाही. पॅरिसच्या माणसाला समजून घेण्याची जी सबुरी त्यांनी दाखवली ती खार्तूमच्या माणसाच्या वाट्याला आली नाही. हे येथे नमूद केलेच पाहिजे, नाही तर चरित्र न राहता गुणगान होईल.

खार्तूममध्ये त्यांनी भाषांतराला घेतलेले पुस्तक मोठे बोलके आहे. फेनेलॉन या फ्रेंच धर्मगुरूची तेलेमाक ही कथा. एक शहाणा गुरू तरुण राजपुत्राला देशोदेशी हिंडवतो आणि जुलमी राजाने राज्याची कशी माती होते ते दाखवतो. ती लिहिल्याबद्दल फेनेलॉनवरही राजाची मर्जी खप्पा झाली होती. हद्दपार शिक्षकाने हद्दपारीत नेमकी हीच कथा निवडली! ती अरबीत छापली गेली १८६७ साली, आणि तीही इजिप्तमध्ये नव्हे तर बैरूतला.

१८५४ मध्ये अब्बासचा खून झाला आणि रिफाआ कैरोला परतले. सईद पाशाच्या काळात त्यांना लष्करी शाळेवर काम मिळाले. पुन्हा शाळा बंद, पुन्हा घरी बसणे. पण त्याच काळात फख्रुद्दीन राझींची तफसीर, हरीरीच्या मकामा असे जुने अरबी ग्रंथ बुलाकला छापावेत असा आग्रह त्यांनी धरला आणि सरकारने तो मानला. परक्यांचे भाषांतर करणाऱ्या या माणसाला स्वतःच्या घरातली पेटी उघडण्याचीही तेवढीच ओढ होती. १८६३ साली इस्माईल आले आणि भाषांतर कचेरी पुन्हा सुरू झाली. फ्रान्सचा दिवाणी कायदा रिफाआंनी व त्यांच्या शिष्यांनी अरबीत आणला. मुलांसाठी तक्ते घालून सोपे अरबी व्याकरण लिहिले. १८७० मध्ये शिक्षण खात्याचे 'रौदत अल-मदारिस' हे नियतकालिक निघाले, त्याचे संपादन वयाच्या सत्तरीकडे झुकलेल्या या शिक्षकाकडे आले. दरबारी मानमरातब, जमिनी त्यांना मिळाल्या आणि राज्यकर्त्यांची स्तुतीही त्यांनी पुष्कळ लिहिली. राजाची मर्जी फिरली की शाळा कशी एका रात्रीत मिटते हे ज्याने भोगले होते, त्याने ती मर्जी सांभाळली याचे फारसे आश्चर्य वाटू नये.

शेवटचे मोठे पुस्तक त्यांनी लिहिले ते मुली आणि मुले या दोघांसाठी : 'अल-मुर्शिद अल-अमीन लिल-बनात वल-बनीन'. नावातसुद्धा मुली आधी आहेत. मुलींना मुलांबरोबरीने लिहायला-वाचायला व हिशेब करायला शिकवा, असे त्यात ते सांगतात. त्याने संसार सुखाचा होतो, आणि गरज पडली तर आपल्या शक्तीप्रमाणे बाईला कामही करता येते. रिकामेपणच बायकांना बिघडवते, विद्या नव्हे, असा त्यांचा युक्तिवाद. बायकांना लिहिणे शिकवू नये म्हणणाऱ्यांना त्यांनी पैगंबरसाहेबांच्या घरातले दाखले दिले : हजरत हफ्सा यांना लिहिता-वाचता येत होते.

हे पुस्तक १८७२-७३ च्या सुमारास छापले गेले. १८७३ सालीच कैरोतील सुयूफिया भागात इस्माईलच्या एका बेगमेच्या आश्रयाने मुलींची शाळा सुरू झाली. त्याच वर्षी २७ मे रोजी रिफाआ अल-तहतावी अल्लाहला प्यारे झाले. अब्बासने बंद केलेली भाषांची शाळा विसाव्या शतकात त्याच नावाने पुन्हा उघडली, आणि १९७३ साली, त्यांच्या मृत्यूला शंभर वर्षे झाली तेव्हा, ती कैरोच्या ऐन शम्स विद्यापीठात अल-अल्सुन विद्याशाखा म्हणून सामील झाली.