पोलादावर गोळी दाबून कठीणपणा मोजणारे ब्रिनेल

पोलाद किती कठीण आहे, हे ते न तोडता कसं ओळखायचं? सव्वाशे वर्षांपूर्वी कारखान्यांसमोर हा मोठा प्रश्न होता. कानस घासून अंदाज बांधला, तर तो माणसागणिक बदलायचा. नमुना ताणून तोडला, तर तो थेट भंगारात जायचा.

याचं सोपं उत्तर शोधलं योहान आउगुस्ट ब्रिनेल यांनी. १८४९ साली स्वीडनमध्ये जन्मलेले ब्रिनेल १८८२ मध्ये फागेर्स्ता इथल्या लोखंडाच्या कारखान्यात मुख्य अभियंता झाले. तापवल्यावर आणि थंड केल्यावर पोलाद आतून कसं बदलतं, याचा त्यांनी तिथे बारकाईने अभ्यास केला.

१९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात त्यांची पद्धत जगासमोर आली. १० मिलिमीटर व्यासाची कडक पोलादी गोळी ३,००० किलोच्या भाराने धातूवर दाबायची आणि उमटलेला खळगा मोजायचा. खळगा लहान, तर धातू कठीण. भाराला खळग्याच्या पृष्ठफळाने भागलं की मिळतो ‘ब्रिनेल अंक’. त्यावरून पोलाद किती ताण सोसेल, याचाही अंदाज येतो. वस्तू मात्र शाबूत राहते!

अतिकठीण पोलादावर ही गोळीच चपटी व्हायची. त्यासाठी पुढे रॉकवेल आणि विकर्स पद्धती आल्या. प्लॅस्टिकसाठीही आज गोळी दाबतात, पण लहान आणि कमी भाराने.

१९०७ मध्ये ब्रिनेल यांना बेसेमर सुवर्णपदक मिळालं. १९२५ मध्ये त्यांचं निधन झालं. आजही जास्त भाराने बेअरिंगमध्ये खळगे पडले, की मेकॅनिक त्याला ‘ब्रिनेलिंग’ म्हणतात.