इंदूर पद्धतीमागचा माणूस : अल्बर्ट हॉवर्ड

कृषी पदविकेला गेलेल्या पोराला कंपोस्टच्या दोन पद्धती पाठ असतात. एक बंगळूर पद्धत, दुसरी इंदूर पद्धत. खड्डा किती लांब, थर कसे द्यायचे, खत कधी वर-खाली करायचं, एवढं लिहिलं की गुण मिळतात. ती इंदूरलाच का जन्मली आणि तिच्यामागे पैसा कुणाचा होता, हे कुणी विचारत नाही.

ती उभी करणारा माणूस इंग्रज होता. सरकारी नोकर होता. आणि उतारवयात तो सरकारी शेती संशोधनाचाच कडवा टीकाकार झाला. सेंद्रिय शेतीवाले अल्बर्ट हॉवर्ड यांना आज आपले मूळ पुरुष मानतात. ते बरोबरच आहे. पण ती कहाणी सांगताना एक बाजू बहुतेक वेळा गळते : हॉवर्ड यांनी भारतात जे काही शोधलं, ते जवळजवळ सगळं लोकांच्या पैशावर शोधलं.

इंग्लंडच्या श्रॉपशायर परगण्यात, बिशप्स कॅसल नावाच्या गावाजवळ एका शेतकऱ्याच्या घरी ८ डिसेंबर १८७३ रोजी त्यांचा जन्म झाला. शेण-माती लहानपणापासून हाताखालची. केंब्रिजला शास्त्र शिकले, मग वेस्ट इंडीजमध्ये उसावरच्या बुरशीचा अभ्यास करायची नोकरी लागली. तिथे एक गोष्ट त्यांना खुपली. रोगावर सल्ला द्यायचा, पण स्वतः पीक काढून दाखवायला हाती शेत नाही. नंतर इंग्लंडात वाय इथल्या कॉलेजात हॉप्सच्या वेलीवर काही काळ काम केलं, आणि १९०५ मध्ये ते भारतात आले.

त्या वेळी बिहारमधल्या पुसा गावात सरकारची मोठी शेती संशोधन संस्था उभी राहत होती. १८९९-१९०० च्या दुष्काळाच्या जखमा ताज्या होत्या. लागोपाठच्या दुष्काळ आयोगांनी शेतीखातं नीट उभारा म्हणून शिफारशी केल्या होत्या. व्हॉइसरॉय कर्झन यांना हेन्री फिप्स या अमेरिकन उद्योगपतीने ३०,००० पौंडांची देणगी दिली, तिचा मोठा हिस्सा पुशाच्या प्रयोगशाळेला गेला. देणगीतून इमारत उठली. पण पगार, बैल, मजूर, बियाणं, वर्षानुवर्षांचा खर्च सरकारी तिजोरीतून, म्हणजे सारा भरणाऱ्या रयतेच्या खिशातून. हॉवर्ड तिथे एकोणीस वर्षं आर्थिक वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून राहिले.

एकोणीस वर्षं हा आकडा महत्त्वाचा आहे. गव्हाची एक जात निवडून, पेरून, तपासून शेतकऱ्याच्या हाती द्यायला सात-आठ हंगाम सहज लागतात. दर वर्षी निकाल मागणाऱ्याच्याने हे काम होत नाही.

पुशाला त्यांच्यासोबत पत्नी गॅब्रिएल होत्या. त्या स्वतः वनस्पतिशास्त्रज्ञ. पानं प्रकाशात अन्न कसं बनवतात आणि त्यावर तापमानाचा काय परिणाम होतो, यावर केंब्रिजमध्ये त्यांनी केलेलं काम नावाजलेलं होतं. तरीही पुशाला सुरुवातीची काही वर्षं त्या नवऱ्याच्या कामात अशाच राबल्या, मग १९१० मध्ये सहायक म्हणून त्यांची नोंद झाली, आणि १९१३ मध्ये कुठे त्यांना दुय्यम शास्त्रज्ञाचं रीतसर पद मिळालं. पुसा गव्हाचं श्रेय एकट्या साहेबाला देण्याची जी सवय पडली आहे, ती चुकीची आहे. काम दोघांचं होतं.

गव्हाचं काम ऐकायला साधं वाटतं. तेव्हा शेतकऱ्याच्या एकाच वावरात अनेक प्रकारचा गहू मिसळून उभा असे. हॉवर्ड दांपत्याने त्यातली एकेक ओंबी वेगळी काढली, एका ओंबीचं बी एका ओळीत पेरलं आणि कोणती ओळ तांबेऱ्याला टिकते, कोणाचा दांडा वाऱ्यात लोळत नाही, कोण जास्त दाणा देते, हे वर्षानुवर्षं लिहून ठेवलं. निवडलेल्या गव्हाचं दळण आणि पाव कसा होतो, याच्या चाचण्या इंग्लंडमध्ये करून घेतल्या. त्यातून पुसा ४, पुसा १२ या जाती पुढे आल्या आणि उत्तर हिंदुस्थानात झपाट्याने पसरल्या. १९०९ मध्ये भारतातल्या गव्हावर दोघांचं जाडजूड पुस्तकही आलं.

आता यात धंद्याचा हिशेब बघा. गहू स्वतःच्याच परागावर फळतो. एकदा चांगलं बी हाती आलं की शेतकरी घरचं बी राखून पुढच्या साली पेरतो, शेजाऱ्याला पायलीभर देतो, सोयऱ्याला देतो. ज्याने जात काढली त्याच्याकडे कुणी परत येत नाही. असल्या मालात त्या काळचा कोणता व्यापारी पंधरा वर्षं पैसा गुंतवणार? तो सरकारलाच गुंतवावा लागतो, आणि फायदा वावरावावरांत वाटला जातो. तिजोरीत तो दिसत नाही, म्हणून तो नाहीच असं खर्च तपासणाऱ्यांना वाटत राहतं.

पुशालाच हॉवर्ड यांना आणखी एक शाळा भेटली. आजूबाजूचे कास्तकार औषध न मारता, खत विकत न घेता पीक कसं काढतात, हे ते पाहू लागले. कीड आणि रोग यांनाही त्यांनी मास्तर मानलं. पीक आजारी पडलं की लागवडीत काहीतरी चुकलं, असं ते समजत. आपल्या चांगल्या पोसलेल्या बैलांना शेजारच्या लाळ्या-खुरकुताच्या जनावरांचा संसर्ग झाला नाही, असा त्यांचा अनुभव होता आणि त्यावरून त्यांनी मोठे निष्कर्ष काढले. एका गोठ्याच्या अनुभवावर इतकी मोठी इमारत उभी करणं आजच्या शास्त्राला मानवणार नाही. पण जमिनीचा कस, पिकाची तब्येत आणि जनावराची तब्येत ही एकाच साखळीची कडी आहे, हा धागा त्यांना इथे सापडला.

उन्हाळ्यात ते बलुचिस्तानात क्वेट्ट्याला जात. तिथे फळबागांचं केंद्र त्यांनी चालवलं, आणि नाजूक फळं रेल्वेने लांब जावीत म्हणून खोक्यांच्या बांधणीवर डोकं घातलं. शेतकऱ्याचा माल बाजारात सडला तर वावरात चांगला पिकून काय उपयोग, ही त्यामागची समज.

पण पुशाला एक भांडण कायम होतं. वनस्पतिवाला वेगळा, बुरशीवाला वेगळा, किड्यांचा वेगळा, रसायनाचा वेगळा. प्रत्येकाचं दालन, प्रत्येकाचा रिपोर्ट. रोप मात्र एकच, आणि ते एकाच वेळी मातीत, पाण्यात, किडीत उभं. बियाणं सुधारून मिळणारा फायदा मर्यादित आहे, जमिनीचा पोत सुधारला तर मिळणारा कितीतरी मोठा आहे, असं हॉवर्ड यांचं मत बनलं. पण माती हा दुसऱ्या दालनाचा विषय! म्हणून पीक अख्खं बघता येईल अशी एका छपराखालची संस्था त्यांना हवी होती. ती त्यांना इंदूरला मिळाली.

पैसा कापसातून आला. १९२१ मध्ये मध्यवर्ती कापूस समिती स्थापन झाली आणि १९२३ च्या कायद्याने कापसाच्या प्रत्येक गाठीवर काही आणे उपकर बसला. तो भरायची गिरणी आणि निर्यातदार, पण वऱ्हाड-खानदेशापासून माळव्यापर्यंत कापूस पिकवणाऱ्याला मिळणाऱ्या भावातूनच तो कुठेतरी वळता होत असणार, हे उघड आहे. या उपकरातून समितीने संस्थेला मोठं अनुदान दिलं, मध्य भारतातल्या संस्थानांनी वर्गण्या घातल्या, आणि होळकर दरबारने इंदूर शहरालगत ३०० एकर जमीन भाडेपट्ट्याने दिली. १९२४ मध्ये हॉवर्ड इंदूरला संचालक म्हणून रुजू झाले. दोनच वर्षांत बावला खून प्रकरणाच्या गदारोळात तुकोजीराव होळकरांना गादी सोडावी लागली. इंदूरचा दरबार हादरला, पण संस्थेचं काम थांबलं नाही. पैशाची सोय एका राजाच्या मर्जीवर न ठेवता करारात बांधलेली होती, त्याचा हा गुण.

माळव्याची काळी जमीन म्हणजे वऱ्हाड, खानदेश, धारवाड-बेळगावच्या काळ्या रानाची सख्खी बहीण. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, पावसाळ्यात चिखल आणि पाणी तुंबलेलं. हॉवर्ड यांनी आधी शेतातलं पाणी बाहेर कसं काढायचं आणि माती वाहून कशी जाऊ द्यायची नाही, ते बसवलं. मग खताकडे वळले. मजुरांच्या बाबतीतही त्यांची रीत निराळी होती : कामाचे तास कमी, पगार वेळेवर, दवापाणी. चांगलं काम हवं तर माणूस दमलेला नको, एवढं साधं गणित.

खताची अडचण आजही आपल्याकडे घरोघरची आहे. शेण चुलीत जातं. गोवऱ्या म्हणा, शेणी म्हणा, सरपण नाही म्हणून बाई त्या थापणारच. मग थोड्या शेणात जास्त खत कसं करायचं? हॉवर्ड यांनी चीनच्या शेतकऱ्यांविषयीचं एफ. एच. किंग यांचं १९११ मधलं पुस्तक वाचलेलं होतं. तिथे शतकानुशतकं काडीकचरा कुजवून जमिनीला परत देतात. इंदूरला त्यांनी ते मोजून-मापून बसवलं.

कापसाच्या पऱ्हाट्या कडक, लवकर कुजत नाहीत. त्या गाडीवाटेवर पसरून ठेवायच्या, बैलगाड्यांच्या चाकांखाली त्यांचा चुरा होतो. त्यात तण, पालापाचोळा, उसाचं पाचट. हे आधी गोठ्यात जनावरांखाली अंथरायचं. गोठ्याच्या जमिनीत जनावरांचं मूत मुरलेलं असतं, ती माती खरवडून घ्यायची. लाकडाची राख घ्यायची. ३० फूट लांब, १४ फूट रुंद आणि दोन-तीन फूट खोल खड्ड्यात याचे थर द्यायचे, शेणाचा काला आणि पाणी शिंपडायचं, आणि विरजण म्हणून आधीच्या कुजत्या खड्ड्यातलं थोडं खत मिसळायचं. साधारण पंधरा दिवसांनी, मग महिन्याने, मग दोन महिन्यांनी वर-खाली करायचं. तीन महिन्यांत काळं, भुसभुशीत, वास नसलेलं खत तयार. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचतं, म्हणून तेव्हा जमिनीवर ढीग.

यात विकत आणायचं काही नाही. पेटंट नाही. पण हे शहाणपण फुकट तयार झालं नव्हतं. काडीकचऱ्यात कर्ब आणि नत्राचं प्रमाण ३३ ला १ च्या आसपास असलं की कुजणं नीट चालतं, हवा-पाणी किती लागतं, खत किती दिवसांनी चाळवलं तर नत्र उडून जात नाही, हे शोधायला प्रयोगशाळा लागली. तिथे हॉवर्ड यांच्या जोडीला होते यशवंत वाड. रसायनाची बाजू त्यांनी सांभाळली. १९३१ मध्ये ऑक्सफर्डने शेतीतल्या टाकाऊ मालाचं खत या विषयावरचं पुस्तक काढलं, त्यावर हॉवर्ड यांच्याबरोबर वाड यांचंही नाव लेखक म्हणून आहे. जगभर हॉवर्ड यांचं नाव झालं, वाड यांचं इंदूरबाहेर क्वचितच कुणी घेतलं.

गॅब्रिएल १९३० मध्ये वारल्या. पुढच्या वर्षी हॉवर्ड नोकरी संपवून इंग्लंडला परतले आणि त्यांनी गॅब्रिएल यांच्या बहिणीशी, लुईस यांच्याशी लग्न केलं. १९३४ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला.

इंदूरचं काम साहेब गेल्यावर बंद पडलं नाही, हे विशेष. १९३४ मध्ये जॅक्सन आणि वाड यांनी गावच्या मैल्या-कचऱ्याचं इंदूर पद्धतीने निर्धोक खत कसं करता येतं, ते मांडलं. १९३५ मध्ये हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदूरला आलेल्या गांधीजींनी संस्थेत जाऊन हे खड्डे पाहिले, आणि त्याच वर्षी हरिजनमधून पद्धतीची माहिती लोकांपुढे ठेवली. १९३९ मध्ये बंगळूरच्या विज्ञान संस्थेत आचार्य यांनी शहरी कचऱ्यासाठी वेगळी पद्धत बसवली, तीच पुस्तकातली बंगळूर पद्धत. नंतर पुसदच्या नारायण पांढरीपांडे यांची नाडेपची टाकी आली. एका शोधाच्या खांद्यावर दुसरा, असंच हे चालतं.

इंग्लंडमध्ये हॉवर्ड मात्र दिवसेंदिवस कडवट होत गेले. १९४० मध्ये आलेल्या शेतीविषयक ग्रंथात त्यांनी रासायनिक खतांवर तोफ डागली, आणि सरकारी संशोधनावरही. समित्या, तुकडे पाडलेले विषय, वितभर वाफ्यांवरचे आकडे, स्वतः शेती न करणारे तज्ज्ञ, सगळ्यांचा समाचार घेतला. रासायनिक खतांविषयी ते टोकाला गेले. वाढत्या तोंडांना पुरेल एवढं धान्य नुसत्या खड्ड्यांवर निघालं असतं, हे त्यांनी कधी सिद्ध केलं नाही. संशोधनावरची टीका मात्र बरीचशी खरी होती. फक्त ती वाचून कुणी संशोधनाचे पैसेच कापायला निघालं, तर तो हॉवर्ड यांचा अर्थ नव्हे. त्यांची स्वतःची कारकीर्द सांगते की पैसा हवा, लांब मुदतीचा हवा, आणि तो खर्च करणाऱ्याच्या पायाला शेताची माती लागलेली हवी.

२० ऑक्टोबर १९४७ रोजी लंडनमध्ये हॉवर्ड वारले. भारत स्वतंत्र होऊन दोन महिने झाले होते. पुशाची इमारत १९३४ च्या भूकंपात पडून संस्था दिल्लीला गेली होती. कापूस समिती १९६६ मध्ये मोडीत निघाली आणि तिचं काम भारतीय कृषी संशोधन परिषदेकडे आलं.

इंदूरच्या त्या जागेवर आज ग्वाल्हेरच्या कृषी विद्यापीठाखालचं कृषी महाविद्यालय आहे. शहर त्याच्या चारी बाजूंनी वाढलं, जमिनीचा भाव गगनाला गेला. २०२२ मध्ये महाविद्यालयाची जमीन दुसऱ्या कामाला घेण्याचा विचार पुढे आला, तेव्हा तिथले विद्यार्थी आंदोलनाला उतरले. त्या वावरात अजून प्रयोगाचं पीक उभं असतं.