गुस्ताव माहलर आणि पुनरुत्थानाची सिंफनी

गुस्ताव माहलर १८६० साली बोहेमियात एका यहुदी घरात जन्मले. लहानपणीच त्यांनी कित्येक भावंडांचे मरण पाहिले. मरणानंतर काय, हा प्रश्न त्यांना सोडीना. १८८८ साली त्यांनी दुसऱ्या सिंफनीचा पहिला भाग अंत्यविधीचे संगीत म्हणून लिहिला. पण शेवट सुचेना. १८९४ साली हँबर्गला ब्यूलो ह्या संगीतकाराच्या अंत्यविधीत मुलांनी पुनरुत्थानाचे गीत गायिले आणि वाट सापडली. शेवटच्या भागात कर्णे वाजतात, मृत उठतात. परंतु शिक्षा कोणालाच नाही, उरते ती प्रीती.

१८९७ साली व्हिएन्नातील पदासाठी त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तरी विरोधक त्यांना यहुदीच म्हणत. १९११ साली ते वारले. पुढे नाझींनी त्यांच्या संगीतावर बंदी घातली. १९६७ साली मात्र यरुशलेमच्या स्कोपस पर्वतावर बर्नस्टाइन ह्यांनी हीच सिंफनी ऐकवली.