तांब्यातली चांदी वेगळी कशी काढायची, हे लिहून ठेवणारा डॉक्टर: जॉर्जियस ॲग्रिकोला

घाटंजी असो की यवतमाळ, जुन्या घरात तांब्याचा हंडा किंवा घंगाळ सापडतंच. चिंच लावून घासलं की ते लख्ख होतं. खाणीतलं तांबं मात्र इतक्या सहज स्वच्छ होत नाही. त्यात दगडमाती, गंधक, लोखंड आणि कधीकधी चांदीही मिसळलेली असते. हे सगळं वेगळं कसं करायचं, याचं सविस्तर पुस्तक लिहिलं एका जर्मन डॉक्टरनं.

कोण होता हा माणूस?

त्याचं मूळ नाव गेऑर्ग बाउअर. जन्म २४ मार्च १४९४, सॅक्सनीतल्या ग्लाउखाऊ गावी. बाउअर म्हणजे शेतकरी. तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे त्यानं नावाचं लॅटिन रूप घेतलं, ॲग्रिकोला. इटलीत वैद्यकीचं शिक्षण घेऊन तो १५२७ मध्ये योआखिम्सथाल या चांदीच्या खाणींच्या गावात डॉक्टर म्हणून गेला. याच गावच्या ‘थालर’ नाण्यावरून पुढे ‘डॉलर’ हा शब्द आला.

रोगी तपासून झाले की तो खाणीत आणि भट्ट्यांवर जाई. कामगारांकडून त्यांची कामाची रीत समजून घेई. किमयागारांच्या गूढ भाषेवर त्याचा विश्वास नव्हता. डोळ्यांनी पाहिलेलं किंवा खात्रीच्या माणसाकडून कळलेलं तेवढंच लिहायचं, हा त्याचा नियम होता.

तांबं शुद्ध व्हायचं कसं?

आधी खनिज फोडून, धुऊन माती काढायची. मग ते पुन्हा पुन्हा भाजायचं, म्हणजे गंधक धूर होऊन उडून जातो. ‘भर्जन’ म्हणतात ते हेच. भट्टीत वितळवलं की लोखंड आणि उरलेली माती मळी होऊन वर तरंगते.

खरी गंमत चांदीची. ती तांब्याला सोडत नाही. म्हणून वितळलेल्या तांब्यात शिसं घालून त्याच्या वड्या पाडत. या वड्या हलक्या आचेवर ठेवल्या की शिसं ३२७ अंशांनाच वितळतं आणि चांदीला सोबत घेऊन खाली ठिबकतं. तांबं वितळायला १०८५ अंश लागतात, त्यामुळे ते जागेवरच राहतं. नंतर शिशातून चांदी वेगळी करत आणि उरलेलं तांबं पुन्हा भट्टीत घालून शुद्ध करत.

आज हे काम वीज करते. अशुद्ध तांब्याचा धनाग्र विरघळतो, शुद्ध तांबं ऋणाग्रावर जमतं आणि सोनं-चांदी तळाच्या गाळात उरते. पद्धत बदलली, पण ‘घाणीत’ मोल असतं, ही गोष्ट तीच राहिली.

डॉक्टरची नजर

खाणीतली धूळ फुप्फुसं पोखरते, हेही त्यानं नोंदवलं. कार्पेथियन डोंगरातल्या खाणींजवळ काही बायकांना एकामागून एक सात नवरे गमवावे लागले होते. म्हणून खाणीत हवा खेळती ठेवण्याची यंत्रं आणि तोंडावर फडकं बांधणं, हे उपायही त्यानं सांगितले.

शेवट

‘दे रे मेतालिका’चं लिखाण १५५० मध्ये पूर्ण झालं, पण चित्रांचे लाकडी ठसे कोरण्यात वर्षं गेली. २१ नोव्हेंबर १५५५ रोजी ॲग्रिकोला वारला. तो केमनित्स शहराचा महापौर राहिलेला, पण कॅथलिक होता. शहर प्रोटेस्टंट झालेलं असल्यानं तिथे त्याला दफनाची जागा नाकारली गेली. अखेर त्याचा देह त्साइट्स गावी नेऊन पुरला.

१५५६ मध्ये पुस्तक छापून आलं, तेव्हा ते पाहायला तो नव्हता. पुढची पावणेदोनशे वर्षं युरोपातले खाणवाले त्यावरूनच शिकत राहिले. १९१२ मध्ये त्याचं इंग्रजी भाषांतर केलं ते खाण अभियंता हर्बर्ट हूवर आणि त्याची पत्नी लू यांनी. हाच हूवर पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला.