गिरणी कामगार मातांच्या रक्ताचे कोडे

गरोदर स्त्रीला दवाखान्यातून लोह आणि फॉलिक अ‍ॅसिडची गोळी दिली जाते. ती रोज घ्यावी असे डॉक्टर बजावतात आणि घरातील वडीलधारी मंडळीही आठवण करून देतात. या गोळीतील दुसऱ्या घटकाचा माग मात्र प्रथम मुंबईत लागला, हे फार थोड्या मुंबईकरांना ठाऊक असते. तो काढणाऱ्या संशोधिकेचे नाव डॉ. लुसी विल्स.

इंग्लंडमधील बर्मिंगहॅमजवळ सटन कोल्डफील्ड येथे १० मे १८८८ रोजी त्यांचा जन्म झाला. केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात त्यांनी वनस्पतीशास्त्र व भूशास्त्राचा अभ्यास केला आणि १९११ मध्ये त्या परीक्षा उत्तीर्ण झाल्या. परंतु केंब्रिज विद्यापीठ स्त्रियांना परीक्षेला बसू देई, रीतसर पदवी मात्र देत नसे. ही पंक्तिभेदाची रीत १९४८ पर्यंत टिकली. पहिले महायुद्ध पेटले तेव्हा लुसी दक्षिण आफ्रिकेत होत्या. तेथे काही काळ त्यांनी परिचारिकेचे काम केले आणि मायदेशी परतून वैद्यकाचे शिक्षण घेतले. १९२० मध्ये त्या डॉक्टर झाल्या, पण दवाखाना थाटण्यापेक्षा त्यांना प्रयोगशाळा अधिक जवळची वाटली. लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात त्या संशोधन व अध्यापन करू लागल्या.

त्या काळी मुंबईत बाळंतपण म्हणजे स्त्रीचा दुसरा जन्म, हे नुसते बोलण्यापुरते नव्हते. गरोदरपणात अनेक स्त्रियांचे रक्त झपाट्याने उतरे. चेहरा पांढराफटक पडे, धाप लागे आणि पुष्कळदा बाळंतपणाच्या सुमारास मृत्यू ओढवे. गरीब वस्त्यांतील, गिरण्यांत राबणाऱ्या स्त्रिया यात मोठ्या संख्येने होत्या. मातामृत्यूंचा अभ्यास करणाऱ्या डॉ. मार्गारेट बाल्फर यांनी विल्स यांना या कामासाठी बोलावले आणि १९२८ मध्ये त्या भारतात आल्या. परळच्या हाफकिन संस्थेत त्यांचे काम सुरू झाले.

या रुग्णांच्या रक्तात तांबड्या पेशी थोड्या असत, आणि ज्या असत त्या नेहमीपेक्षा मोठ्या. घातक रक्तक्षय म्हणून ओळखल्या जाणाऱ्या विकारातही असेच चित्र दिसे. आधी संशय जंतुसंसर्गावर गेला. विल्स यांनी तो तपासला, पण काही हाती लागले नाही. मग त्यांनी रुग्णांच्या ताटाकडे मोर्चा वळवला. कोणत्या समाजातील, किती मिळकतीच्या स्त्रिया काय खातात, याची त्यांनी पाहणी केली. हा रक्तक्षय गरीब मुस्लिम स्त्रियांत अधिक आढळत होता आणि त्यांच्या आहारात प्रथिने, फळे व भाज्या यांची वानवा होती. संबंध धर्माशी नव्हता, तो रिकाम्या ताटाशी होता. आज हे उघड वाटते. जीवनसत्त्वांची ओळख नुकतीच होऊ लागली होती त्या काळात ते तितके उघड नव्हते.

अनुमान पुराव्याने सिद्ध करणे हे पुढचे काम. निलगिरीतील कुन्नूर येथे रॉबर्ट मॅककॅरिसन आहारावर संशोधन करीत होते. तेथे विल्स यांनी उंदरांना मुंबईतील त्या स्त्रियांसारखाच आहार दिला. उंदीर रक्तक्षयाने मरू लागले, यीस्ट दिलेले वाचले. कोडे सुटले असे वाटत असतानाच उवांतून पसरणारा एक जंतूही उंदरांच्या रक्तक्षयाला कारणीभूत होत असल्याचे दिसून आले. पुरावा डागाळला. एखाद्याने तो तसाच रेटून नेला असता. विल्स यांनी उंदीर सोडून माकडांवर प्रयोग आरंभले.

अशाच एका आजारी माकडाला त्यांनी मार्माइट दिले. मद्य गाळताना उरलेल्या यीस्टपासून बनणारा हा काळपट, चिकट, खारट पदार्थ इंग्रजांच्या घरी पावाला लावून खाल्ला जाई. चवीबद्दल खुद्द इंग्रजांतही एकमत नाही. माकड मात्र सुधारले. मग मुंबईतील रुग्णांना तो देण्यात आला. थोड्याच दिवसांत त्यांची भूक परतली आणि रक्तात नव्या पेशी दिसू लागल्या. १९३१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जे औषध सापडले ते महागडे नव्हते, किराण्याच्या दुकानात मिळणारे होते!

त्यातील नेमका गुणकारी घटक कोणता, हे विल्स यांना सांगता येत नव्हते. घातक रक्तक्षय बरा करणारा यकृताचा शुद्ध अर्क या रुग्णांना लागू पडत नाही, साधा अर्क मात्र पडतो, हे त्यांनी पुढे दाखवून दिले. म्हणजे हा घटक निराळाच होता. तो ‘विल्स फॅक्टर’ म्हणून ओळखला जाऊ लागला. १९४१ मध्ये अमेरिकेत चार टन पालकातून तो वेगळा काढण्यात आला. पानासाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून त्याचे फॉलिक अ‍ॅसिड असे नामकरण झाले. पुढे १९४५ मध्ये ते प्रयोगशाळेत तयार केले ते लेडर्ली कंपनीतील पथकाने, आणि त्या पथकाचे प्रमुख होते आंध्रातील भीमावरमचे डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव. मुंबईत सुरू झालेला शोध असा पुन्हा एका भारतीयाच्या हाती पूर्ण झाला.

पेशींचे विभाजन होताना या जीवनसत्त्वाची गरज असते. म्हणूनच रक्त तयार करणारी अस्थिमज्जा आणि वाढणारा गर्भ यांना त्याची उणीव सर्वांत आधी जाणवते. पालेभाज्या, कडधान्ये, यकृत यांत ते भरपूर असते, पण भाजी फार वेळ उकळून वरचे पाणी ओतून दिले की त्यातील बराचसा भाग मोरीत जातो. गर्भधारणेपूर्वीपासून ते घेतल्यास बाळाच्या मज्जारज्जूतील जन्मजात व्यंग बऱ्याच अंशी टळते, हे १९९१ मध्ये ब्रिटनमधील मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या चाचणीने दाखवले. भारतात गरोदर स्त्रियांना या गोळ्या देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७० पासून आहे. तरीही २०१९ ते २०२१ दरम्यानच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ५२.२ टक्के गरोदर स्त्रियांना रक्तक्षय आढळला. त्यात लोहाच्या कमतरतेचा वाटा मोठा आहे.

लुसी विल्स १९४७ मध्ये रॉयल फ्री रुग्णालयातून निवृत्त झाल्या, पण घरी बसल्या नाहीत. जमैका, फिजी, दक्षिण आफ्रिका अशा देशांत जाऊन त्यांनी आहार आणि रक्तक्षय यांचा अभ्यास चालू ठेवला. लंडनमधील चेल्सी भागातून मजूर पक्षाच्या नगरसेविका म्हणूनही त्यांनी काम केले. त्या अविवाहित होत्या. १६ एप्रिल १९६४ रोजी त्यांचे निधन झाले.